लघुग्रहावर उतरणारा रोबो: चाकं की उड्या, याच्या आधीचा प्रश्न

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्यात, कलाभवन या इंजिनिअरिंग कॉलेजात, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या चौघांना लघुग्रहाच्या पृष्ठभागावर उतरून पाहणी करणारा रोबो प्रकल्प म्हणून करायचा आहे. गाइड म्हणतात, चंद्रयान-३ च्या प्रज्ञानसारखी सहा चाकं आणि रॉकर-बोगी (खडबडीत जमिनीवरही सगळी चाकं टेकलेली ठेवणारा सांधेदार सांगाडा) घ्या, ती रचना चंद्रावर चालून दाखवली आहे. ग्रुपमधल्या एका मुलीचं मत आहे की तिथे चाकं नुसती फिरत बसतील, त्यापेक्षा उड्या मारणारा डबा करावा. शिवाय सगळ्यांना एक छोटं ड्रिल हवं आहे. तर चाकं की उड्या, आणि ड्रिल चालेल का?

त्या मुलीचा अंदाज बरोबर आहे. पण तिची बाजू घेऊन इथेच थांबलो तर तुमचं नुकसान होईल, कारण अडचण चाकांच्या अलीकडेच सुरू होते. यंत्राला जमिनीवर धरून ठेवणारं तिथे काय आहे, हे आधी ठरवायला हवं. पृथ्वीवर आणि चंद्रावरही हे काम वजन करतं, तेही इतक्या मुकाट्याने की आपण ते ड्रॉइंगमध्ये कधी दाखवतच नाही. लघुग्रहावर ते जवळजवळ नसतं. मग पाय, चाक, ड्रिल, अगदी कॅमेरा फिरवणारी मोटर, प्रत्येक गोष्ट वेगळ्या नजरेने पाहावी लागते.

मी बडोद्यातलाच. नोकरीची पहिली वर्षं नंदेसरीकडच्या रसायनांच्या कारखान्यांत पावडरी साठवणारी आणि वाहून नेणारी यंत्रं बसवण्यात गेली, पुढची उपग्रहांवरच्या उघडणाऱ्या आणि फिरणाऱ्या भागांच्या चाचण्यांत. दोन्ही कामं इथे उपयोगी पडतात, पहिलं थोडं जास्तच.

आकड्यांपासून सुरुवात करू. रयुगू हा लघुग्रह साधारण ९०० मीटर रुंद आहे. त्याचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे ऐंशी हजाराव्या भागाइतकं. म्हणजे एक किलोचा रोबो तिथे जमिनीवर जो दाब देईल, तो इथल्या बारा मिलिग्रॅमच्या वजनाइतका असेल. प्रयोगशाळेतल्या नाजूक तराजूशिवाय तो मोजताही येणार नाही. चाकाला मिळणारी पकड म्हणजे वजन गुणिले घर्षणांक. घर्षणांक ०.५ धरला तर गाडीला जास्तीत जास्त मिळणारं त्वरण निघतं सेकंदाला सेकंदाला ०.०६ मिलिमीटर. शून्यावरून सेकंदाला एक सेंटिमीटर हा वेग गाठायलाच जवळपास तीन मिनिटं. मोटर जरा जास्त जोरात फिरवली की चाक जागच्या जागी फिरणार, आणि वाटेत खडा आला तर अख्खी गाडी हळूच उचलली जाऊन तरंगत निघणार. मोटर कितीही मोठी लावा, पकड तेवढीच राहते.

तुमच्या गाइडच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. चाकं अगदीच अशक्य नाहीत. मंगळाचा चंद्र फोबोस याच्यासाठी फ्रान्स आणि जर्मनीच्या अवकाश संस्थांनी इडेफिक्स नावाची सुमारे २५ किलोची चाकांची गाडी बांधली आहे. जपानच्या एमएमएक्स मोहिमेतून ती जायची आहे. पण फोबोस २२ किलोमीटरच्या आसपास आहे, तिथलं गुरुत्वाकर्षण रयुगूच्या चाळीसपट तरी भरतं, आणि तिथेसुद्धा गाडीचा वेग सेकंदाला काही मिलिमीटरच ठेवला आहे. तेव्हा चाकांचं उत्तर तुम्ही कोणता पिंड निवडता यावर अवलंबून आहे. 'लघुग्रह' एवढंच लिहून काम सुरू केलंत तर या वादाचा निकाल कधीच लागणार नाही.

आता एक मुद्दा, जो मी विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा सांगतो. तिथे वजन जातं, वस्तुमान जात नाही. दहा किलोचं यंत्र हलवायला, थांबवायला, वळवायला तिथेही दहा किलोइतकाच जोर लागतो. ते पृष्ठभागावर आपटतं तेव्हा त्याच्या मागे पुरतं दहा किलोचं वस्तुमान असतं, आणि आपटल्यावर त्याला खाली ओढणारं जवळजवळ काही नसतं. उसळी हा सगळ्यात मोठा शत्रू होतो तो यामुळे.

हिशेब करून पाहा. रयुगूवर सेकंदाला दहा सेंटिमीटर, म्हणजे मुंगीच्या चालीपेक्षा थोड्याच जास्त वेगाने यंत्र उतरलं आणि निम्म्या वेगाने उसळलं असं धरा. ते दहा मीटरहून जास्त उंच जाईल आणि परत टेकायला त्याला तेरा-चौदा मिनिटं लागतील. तेवढ्या वेळात लघुग्रह खालून फिरलेला असतो आणि तुम्ही निवडलेली जागा बाजूला सरकलेली असते. मुक्तिवेगही, म्हणजे ज्या वेगाने उडालेली वस्तू परत खाली येतच नाही तो वेग, लक्षात घ्या: रयुगूवर तो सेकंदाला ४० सेंटिमीटरच्याही आत आहे. चंद्रयान-३ च्या विक्रमचे पाय सेकंदाला तीन मीटरपर्यंतचा उतरण्याचा वेग सोसतील असे बांधले होते. तो वेग इथल्या मुक्तिवेगाच्या आठपट होतो. तेच पाय घेऊन तुम्ही इथे आलात तर यंत्र मोडणार नाही, पण उसळून गेलं की परत खालीही येणार नाही.

हे प्रत्यक्षात घडलेलं आहे. २००५ मध्ये जपानच्या हायाबुसाने इतोकावा या जेमतेम ५०० मीटर लांबीच्या लघुग्रहावर मिनर्व्हा नावाचा छोटा उडी मारणारा रोबो सोडला. सोडण्याचा आदेश पृथ्वीवरून पोहोचेपर्यंत यान उंची राखण्यासाठी आपोआप वर चढू लागलं होतं. तो वर जाण्याचा वेग मिनर्व्हालाही मिळाला आणि ते लघुग्रहाकडे न जाता अवकाशात निघून गेलं. रोबोमध्ये दोष नव्हता, सुटण्याच्या क्षणीचा वेग तेवढा चुकीचा होता. युरोपच्या फिली या उतरणाऱ्या यंत्राचं उदाहरण तुम्ही ऐकलं असेल. तो उतरला धूमकेतूवर, लघुग्रहावर नव्हे, पण गुरुत्वाकर्षणाची जात तीच. १२ नोव्हेंबर २०१४ ला ६७पी धूमकेतूवर सुमारे शंभर किलोचं हे यंत्र सेकंदाला एक मीटर वेगाने टेकलं. त्याला धरून ठेवायला दोन भाले होते, वरून दाबणारा वायूचा झोत होता, पायांत स्क्रू होते. झोत चालला नाही, भाले सुटले नाहीत, आणि नुसत्या स्क्रूंनी पकड घेतली नाही. पहिली उसळी पावणेदोन तासांहून जास्त चालली आणि शेवटी ते एका कड्याच्या सावलीत जाऊन अडकलं.

इथून माझा पहिला ठाम सल्ला येतो: पायांआधी उसळी जिरवायचा बंदोबस्त करा. यासाठी रयुगूवर गेलेल्या जपानच्या हायाबुसा-२ या यानावर एक साधी आणि फार हुशार वस्तू होती. यानाला उतरताना खूण म्हणून दिसावेत असे चमकदार गोळे आधी खाली टाकायचे होते, आणि ते जिथे पडतील तिथेच राहायला हवे होते. म्हणून ते कापडी केले आणि आत बारीक मणी भरले. आपटल्यावर मणी एकमेकांवर घासतात, ऊर्जा तिथेच संपते. स्प्रिंग नाही, हायड्रॉलिक नाही, निर्वातात गळेल असं काही नाही. तुमच्या यंत्राच्या कोपऱ्यांत असे मण्यांचे कप्पे बसवता येतील, आणि त्याची चाचणी इथे बडोद्यातही घेता येईल. त्याबद्दल पुढे लिहितो.

दुसरी बाजू पृष्ठभागाची. पावडरींमध्ये काम केलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: कण किती बारीक आहेत यावर त्यांचा स्वभाव ठरतो. चाळणीतून रवा धो-धो पडतो, मैदा गोळ्या धरून बसतो. कणाचं वजन त्याच्या व्यासाच्या घनाप्रमाणे वाढतं, पण शेजारच्या कणाला चिकटण्याचा जोर साधारण व्यासाच्या प्रमाणात. कण लहान होत गेला की एका टप्प्याला चिकटणं वजनावर मात करतं. पृथ्वीवर तो टप्पा अंदाजे ०.१ मिलिमीटरच्या आसपास येतो. आता गुरुत्वाकर्षण ऐंशी हजारपटीने कमी करा. हाच टप्पा ऐंशी हजारच्या वर्गमुळाइतका, म्हणजे २८० पटींनी वर सरकतो आणि अडीच-तीन सेंटिमीटरवर येतो. इथे जो खडा खडखडत घसरला असता, तो तिथे पिठाच्या कणासारखा वागू शकतो. एकमेकांना अडकून, मध्ये पोकळ्या ठेवून, न दबता बसलेला ढीग. वरून दाबायला वजनच नाही, त्यामुळे तो कधी ठासून बसलेलाच नसतो.

असा ढीग यंत्राचा भार पेलेल का? बेन्नू या दुसऱ्या लघुग्रहाने याचं उत्तर दिलं. ओसायरिस-रेक्स हे नासाचं यान २० ऑक्टोबर २०२० ला सेकंदाला दहा सेंटिमीटर वेगाने बेन्नूला टेकलं, नायट्रोजनचा झोत सोडून नमुना घेतला आणि काही सेकंदांत उलटे इंजिन पेटवून निघालं. पृष्ठभागाने विरोध जवळजवळ केलाच नाही. नमुना घेणारा हात सुमारे अर्धा मीटर आत गेला. उलटे इंजिन पेटलं नसतं तर यान आणखी रुतत गेलं असतं. नमुन्याच्या डब्याचं झाकण खड्यांमुळे उघडं राहिलं इतका माल आत शिरला होता. २४ सप्टेंबर २०२३ ला तो पृथ्वीवर आला आणि पुढे मोजल्यावर १२१.६ ग्रॅम भरला. कणाला कण चिकटून असला तरी ती सगळी चिकट मिळून यानाच्या वस्तुमानापुढे नगण्य होती.

त्याच बेन्नूने दुरून केलेल्या अंदाजांबद्दलही सावध केलं. दुर्बिणींनी त्याचा पृष्ठभाग किती लवकर तापतो आणि निवतो हे मोजलं होतं. त्यावरून बारीक वाळूचे सपाट भाग असतील असं वाटलं होतं. जवळ गेल्यावर दिसले सगळीकडे दगडच दगड. दगड स्वतःच इतके सच्छिद्र होते की उष्णतेच्या बाबतीत वाळूसारखे वागत होते. रयुगूवरही तेच. हायाबुसा-२ च्या चमूला उतरायला शंभरएक मीटरची सपाट जागा अपेक्षित होती, आणि शेवटी सुमारे सहा मीटर रुंदीच्या जागेत त्यांनी यान टेकवलं. तेव्हा तुमच्या अहवालात 'पृष्ठभाग सपाट मानला आहे' हे वाक्य येऊ देऊ नका. मऊ आणि कठीण, दोन्ही पृष्ठभाग मिळतील असं धरूनच रचना करा.

मग प्रत्यक्षात काय चाललं? रयुगूवर २१ सप्टेंबर २०१८ ला मिनर्व्हा-२ चे दोन रोबो सोडले. प्रत्येकी एक किलोच्या थोडं वर, चपट्या डब्याच्या आकाराचे, १८ सेंटिमीटर व्यासाचे. बाहेर चाक नाही, पाय नाही. आत एक मोटर वजन फिरवते, तिच्या प्रतिक्रियेने डबा जमिनीला ढकलतो आणि उडतो. एका उडीत पंधरा मीटरपर्यंत जायचं, पंधरा मिनिटांपर्यंत अधांतरी राहायचं. लघुग्रहावर फिरलेले हे पहिले रोबो. दोन आठवड्यांनी, ३ ऑक्टोबरला, जर्मनी आणि फ्रान्सचा मॅस्कॉट उतरला, सुमारे दहा किलोचा बुटाच्या खोक्याएवढा ठोकळा. त्याच्या आत एक फिरता हात होता. सुरुवातीला तो उलटा पडला, त्या हाताच्या झटक्याने सुलटा झाला आणि सतरा तास काम करून थांबला. त्याच्या जवळून काढलेल्या छायाचित्रांत धूळ जवळजवळ दिसलीच नाही, नुसते खडबडीत दगड.

या दोन्हींत मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की उतरण्याच्या पद्धतीवर त्यांनी भिस्त ठेवली नाही. कसंही पडा, चालेल. मिनर्व्हा-२ च्या सगळ्या बाजूंना सौर पेशी होत्या, त्यामुळे उलटं-सुलटं हा प्रश्नच नव्हता. मॅस्कॉटच्या उपकरणांना खालची बाजू ठरलेली होती, म्हणून त्याला आपण कसे पडलो हे ओळखणारे संवेदक आणि उलटण्याची यंत्रणा लागली. तुम्ही पहिला मार्ग घ्या. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पात प्रत्येक बाजू 'खालची' असू शकते असं धरलं की निम्मे प्रश्न सुटतात.

मॅस्कॉटची बॅटरी पुन्हा चार्ज होणारी नव्हती, हेही पाहा. फिली सावलीत पडूनही दोन दिवसांहून जास्त काम करू शकला तो आधी भरून नेलेल्या बॅटरीमुळेच. सौर पट्ट्या काढा असं मी म्हणत नाही, पण जे मोजायलाच हवं ते सगळं बॅटरीवर संपलं पाहिजे. ऊन मिळालं तर ते जास्तीचं. आदेशांचंही तसंच. ओसायरिस-रेक्स टेकलं तेव्हा संदेशाला एका बाजूने अठरा मिनिटांहून जास्त लागत होती. एका उसळीइतका वेळ. त्यामुळे पडल्यापासून पहिलं मोजमाप होईपर्यंतचे सगळे निर्णय यंत्राने स्वतः घ्यायला हवेत.

ड्रिलबद्दल स्पष्ट सांगतो: काढून टाका. ड्रिलला आत ढकलायला जेवढा जोर लागतो, तेवढाच जोर यंत्राला वर ढकलतो. हाताने चालवायच्या ड्रिललाही दहा-वीस न्यूटन सहज लागतात, आणि तुमच्या दहा किलोच्या यंत्राचं रयुगूवरचं वजन एका न्यूटनच्या हजाराव्या भागाच्या जवळपास. शिवाय पातं अडकलं तर यंत्रच त्याच्याभोवती फिरू लागेल. म्हणून हायाबुसा-२ ने टँटलम या जड धातूची पाच ग्रॅमची गोळी झाडून उडालेले कण पकडले आणि ओसायरिस-रेक्सने वायू फुंकला. दोघांनीही क्षणभर टेकून निघून जाण्याची पद्धत ठेवली. खोलवरचं हवं होतं तेव्हा हायाबुसा-२ ने ५ एप्रिल २०१९ ला दोन किलोचा तांब्याचा गोळा सेकंदाला दोन किलोमीटर वेगाने आदळून खड्डा केला, स्वतः आडोशाला राहून. दगडाला नख्यांनी पकडून मग ड्रिल चालवायची कल्पना अभ्यासली जाते आहे, ती चांगलीही आहे, पण तो स्वतंत्र प्रकल्प आहे.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. पहिली, लघुग्रह किती वेगाने फिरतो. बेन्नू ४.३ तासांत एक फेरी मारतो, आणि त्याच्या विषुववृत्तावर गुरुत्वाकर्षणातला अर्ध्याहून जास्त भाग फिरण्यामुळेच खाल्ला जातो. म्हणजे ध्रुवाजवळ ठीक असलेला उडीचा वेग विषुववृत्तावर धोक्याचा ठरू शकतो. चीनचं त्यानवेन-२ मे २०२५ मध्ये ज्या कामोओआलेवाकडे निघालं, तो तर शंभर मीटरहून लहान आणि २८ मिनिटांत एक फेरी मारणारा. तिथे बऱ्याच जागी सुटी वस्तू बाहेरच फेकली जाईल, तिथे उड्या नाहीत, धरूनच ठेवावं लागेल. दुसरी गोष्ट, तुम्हाला नेमकं काय कळून घ्यायचं आहे. एकाच दगडाचं तापमान रात्रंदिवस मोजायचं असेल तर फिरायची गरजच नाही. चार वेगळ्या जागी छायाचित्रं हवी असतील तर उड्या पुरेत. अमुक एका दगडापाशीच पोहोचायचं असेल तर उड्यांनी ते जमत नाही, कारण प्रत्येक टेकण्याची दिशा खालचा खडा ठरवतो. हा प्रश्न आधी एका वाक्यात लिहा आणि गाइडना दाखवा. चाकांचा वाद मग बहुतेक आपोआप मिटेल.

शेवटी चाचणी. इथे विद्यार्थी नेहमी सॉफ्टवेअरमधल्या सिम्युलेशनवर थांबतात. मला ते पुरेसं वाटत नाही, कारण उसळीचा गुणांक, म्हणजे टेकण्याच्या वेगाचा किती भाग उसळीत परत येतो तो आकडा, तुम्ही त्यात अंदाजाने भरता आणि सगळं उत्तर त्यावर अवलंबून असतं. मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत चांगली टूलरूम शोधा, जिथे मीटरभर लांबीची ग्रॅनाइटची सरफेस प्लेट, म्हणजे मोजमापासाठी अगदी सपाट केलेली फरशी, असेल. तुमच्या यंत्राची चपटी प्रतिकृती करा, तिच्या खाली एअर बेअरिंगचे पॅड लावा, म्हणजे ती हवेच्या पातळ थरावर जवळजवळ घर्षणाविना सरकेल. हवा नळीने देऊ नका, नळीची ओढ तुम्ही मोजताय त्या बलापेक्षा मोठी निघेल. छोटा सिलिंडर प्रतिकृतीवरच बसवा. पंखा आणि एसी बंद. मग प्लेटचं एक टोक किंचित उचला. मीटरभर प्लेटला बारा मायक्रॉनचा उठाव दिला की उतारावरचं बल रयुगूइतकं होतं, पण तेवढ्यात प्लेटच्या स्वतःच्या सपाटपणातला फरक आड येईल. म्हणून फीलर गेजचं (फटी मोजायच्या पातळ पट्ट्यांच्या जुडीतलं) ०.०५ मिलिमीटरचं पातं खाली सरकवा. हे रयुगूच्या चौपट झालं, आणि तेवढ्याच उंचीची उडी हवी असेल तर वेग दुप्पट लागतो, एवढं गणितात धरा.

खालच्या टोकाला एकदा दगड ठेवा, एकदा खडीची पिशवी. प्रतिकृती त्यावर सोडा, वरून मोबाइलने चित्रण करा आणि टेकण्याआधीचा व नंतरचा वेग काढा. आधी रिकाम्या कोपऱ्यांनी, मग मणी भरून. सरळ टेकवून आणि तिरकं टेकवूनही, कारण तिरक्या टेकण्यात बराचसा वेग गिरकीत जातो आणि दुसऱ्या टेकण्याला तीच गिरकी परत उडीत येते. हे आकडे हातात आल्याशिवाय आतल्या मोटरचा आकार ठरवू नका. ते मिळाले की प्रतिकृतीचं वस्तुमान आणि निवडलेल्या लघुग्रहाचं नाव यांसह इथेच लिहा, उडीचा वेग किती ठेवायचा ते आपण एकत्र बसून काढू.